पडद्यामागचा होकार

हे माझ्यासमोर घडलं आहे. कोणाकडून ऐकलेलं नाही.

मी शपथ घेत नाही. शपथ घ्यायची वेळ आली म्हणजे शब्दाचं वजन आधीच गेलं, असं माझी आई म्हणायची. एवढंच सांगते, की तो गुरुवार होता, माझा उपवास होता, पाण्याचा थेंबही न घेण्याचा, आणि उपवासाच्या तोंडाने मी खोटं बोलत नाही. सोमवार आणि गुरुवार मी लग्न झालं त्या वर्षापासून धरते.

आणि रात्र नव्हती.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं नीट वाचावं. ऊन अजून अंगणात होतं. बाहेर बायका बोलत होत्या. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानला बराच अवकाश होता.

ट्युनिशियाच्या दक्षिणेला, खजुरीच्या बागा संपतात आणि खारं रान सुरू होतं, तिथे आमचं गाव आहे. गावाच्या टोकाला जुना दवाखाना. जाड भिंती, मधे अंगण, अंगणात कडू संत्र्याचं एक झाड.

जे झालं ते त्या दवाखान्यात झालं.

आमच्याकडे उन्हाळ्यात एक बारीक माशी चावते. चावलेलं कळतसुद्धा नाही. थंडी पडली की तिथे जखम उघडते. दुखत नाही, पण कित्येक महिने भरत नाही. मग कधीतरी आपोआप भरते आणि डाग ठेवून जाते. हातापायावर असली तर कोणी मनावर घेत नाही. गालावर असली, आणि मुलगी लग्नाची असली, तर त्या घरातल्या आईला घास गिळवत नाही.

त्या थंडीत राजधानीहून डॉक्टर वसीला आली. तरुण पोरगी, चष्मा, हळू बोलणारी. एका नव्या मलमाची चाचणी घ्यायची होती. माणसांवर औषध करून बघायचं तर आधी एका मंडळाची परवानगी लागते म्हणे. त्या मंडळाने अट घातली होती. बाईला विचारताना बाईच साक्षीला हवी, मग ती बाई शिकलेली असो की अडाणी. आणि साक्षीदाराचा त्या मलमाशी काहीही संबंध नको.

गावाने माझं नाव सांगितलं. आमच्यात मोठ्या बाईला मानाने लल्ला म्हणतात.

"लल्ला हेदियाला बसवा," सगळे म्हणाले. "ती बोलते कमी, पण बोलते ते खरं."

माझं काम सोपं होतं. खोलीत बसायचं. डॉक्टर काय सांगते ते ऐकायचं. समोरची बाई स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या मर्जीने 'हो' म्हणाली का, ते बघायचं. बस.

पहिली आली मन्नूबिया. म्हातारी. मनगटावर जखम, आणि जीभ मिरचीसारखी.

डॉक्टरने तिला सगळं समजावलं. म्हणाली, अर्ध्या जणींना औषधाचं मलम मिळेल, अर्ध्या जणींना तसंच दिसणारं साधं. कोणाला कुठलं, ते मलाही ठाऊक नाही. नको वाटलं तर मधेच सोडा. नेहमीचं इंजेक्शन तुम्हाला मिळणारच आहे, ते कोणी काढून घेणार नाही.

"आता तुमच्या शब्दांत सांगा आजी. काय कळलं?"

"हेच कळलं, की तुला काही ठाऊक नाही," मन्नूबिया म्हणाली.

डॉक्टर हसली. "अगदी बरोबर कळलं. मग, तयार आहात?"

मन्नूबियाने मान खाली घातली. गप्प.

"मोठ्याने सांगावं लागेल, आजी."

"अगं पोरी, काझीने पडद्याबाहेरून विचारलं तेव्हाही मी गप्पच होते. त्या गप्प बसण्यावर घरभर पोरं झाली. आता बोटभर मलमासाठी ओरडू होय?"

आम्ही तिघी हसलो.

हसणं थांबलं. आणि तेवढ्यात...

"हो."

हळू आवाज. लाजरा. एखाद्या तरुण मुलीचा.

मन्नूबियाने माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरकडे. डॉक्टरने कोपऱ्यातल्या पडद्याकडे.

लोखंडी चौकटीचा पांढरा पडदा होता तो. त्याच्या मागे एक स्टूल. जखम मोजायची आणि तिचा फोटो घ्यायचा, तो तिथे.

"कोण आहे आत?" डॉक्टरने विचारलं.



तिने उठून पडदा सरकवला. स्टूल रिकामं होतं. खिडकीला आतून कडी.

"बाहेरून कोणीतरी चहाटळपणा केला असेल," मन्नूबिया म्हणाली. मग पडद्याकडे बघत तिनेही घाईघाईने, अगदी खणखणीत आवाजात सांगितलं, "हो बाई, हो! माझी मी सांगते, हो!"

हसू आलं आम्हाला. पण नेहमीचं नाही.

इथे एक सांगायला हवं.

आमच्यात लग्न ठरताना मुलीला विचारतात. विचारलंच पाहिजे. पण कोवळी मुलगी लाजते, तिला बापाच्या देखत बोलवत नाही, म्हणून तिचं गप्प बसणं म्हणजेच होकार धरतात. ती गप्प बसली की पडद्याआडच्या बायका तोंडावर हात धरून, जीभ हलवत, ललकारी देतात. ती ललकारी बाहेर गेली की झालं. ठरलं.

ही सवलत दिली होती लाजणाऱ्या मुलीसाठी. आमच्या माणसांनी ती ओढून सगळीकडे नेली. जमिनीच्या वाटणीत बाई गप्प बसली, म्हणजे हो. माहेरच्या घरावरचा हक्क सोडताना गप्प, म्हणजे हो. डॉक्टर वसीला रोज सांगायची, "इथे गप्प बसणं म्हणजे काहीच नाही. गप्प बसली तर मी तिला घरी पाठवीन." बायका फुरंगटायच्या. पण हळूहळू बोलायला लागल्या.

आणि त्या बोलायला लागल्या, तशी पडद्यामागची ती जास्त बोलायला लागली.

कधी बाई तोंड उघडायच्या आधी. कधी तिच्या बरोबरीने. दोन आवाज एकात एक मिसळल्यासारखे. डॉक्टरला वाटायचं, खोली घुमते. जुनी भिंत आहे, छत उंच आहे.

मला तसं वाटत नव्हतं.

एकदा मी पडद्यामागे डोकावले. स्टुलावर कोणी नव्हतं. पण त्याची गादी... मधोमध दबलेली होती. माझ्या डोळ्यांसमोर ती हळूहळू वर आली. कोणी उठून गेल्यावर येते, तशी.

आणि वास.

मेंदी भिजवली की येतो, तसा. ओला, हिरवा वास. त्या दिवसांत गावात एकही लग्न नव्हतं.

तो वास मी ओळखला. ओळखून गप्प बसले.

मबरूका माझी मोठी बहीण. आमच्या घरातलं सगळं रूप अल्लाने तिच्या एकटीच्या पदरात टाकलं होतं. मला उरलं ते शहाणपण, असं बाबा म्हणायचे, आणि सगळे हसायचे.

तिचं लग्न मोस्बाहशी ठरलं होतं. प्रत्येक सणाला तो तिच्यासाठी काहीतरी घेऊन यायचा, रीत होती तशी. रेशमी ओढणी. अत्तर. शेवटच्या ईदला चांदीचे तोडे आणले, तिच्या घोट्याचं माप घेऊन घडवलेले. मी दाराआडून बघायची. तो तिच्याकडे कसा बघतो ते बघायची.

त्या वर्षी तिच्या गालावर जखम उघडली.

तेव्हा याच दवाखान्यात बाहेरगावचे दोन डॉक्टर आले होते. मोटार घेऊन. काहीतरी नवं करून बघत होते. सुईने जखमेत काहीतरी घालायचे. काय, ते कोणी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. त्यांनी दारात उभ्या असलेल्या बाबांना विचारलं, चालेल ना? बाबांनी आत मान वळवली. "बेटी, तयार आहेस ना?"

मबरूका गप्प बसली.

"तयार आहे," बाबा म्हणाले.

मी तिथे होते. तिचा हात माझ्या हातात होता. तिने माझी बोटं इतकी आवळली, की नखं रुतली.

पुढे गाल काळा पडला. ताप चढला. ते दोघे मोटारीत बसून निघून गेले. मबरूकाला आम्ही थंडी संपायच्या आत, लग्नासाठी आणलेली मेंदी भिजवून हातांना लावून, पुरलं.

मोस्बाहचं घर दोन वर्षं थांबलं. मग त्यांनी मला मागणी घातली. काझीने पडद्याबाहेरून विचारलं. मी गप्प बसले. बायकांनी ललकारी दिली.

ओढणी माझी झाली. अत्तर माझं झालं. तोडेही माझे झाले. पण ते माझ्या पायात कायम ढिले. चालताना वाजायचे, आणि ते वाजले की मोस्बाह वर बघायचा. मला बघितलं की पुन्हा खाली बघायचा.

माणूस वाईट नव्हता. हात उगारला नाही, ताट मागे सारलं नाही. पण माझ्याशी तो कधी खळखळून हसला नाही. शेवटच्या आजारात त्याने पाणी मागितलं, तेही तिच्या नावाने.

मेलेल्या बहिणीचा हेवा करू नये, हे मला कळतं. कळून काय होतं?

आता तो गुरुवार.

माझ्या भावाची मुलगी रीम. तिच्या डाव्या गालावर जखम. लग्न वसंतात ठरलेलं. तिची आई यामिना तिला घेऊन आली होती.

यामिनाच्या जिवाची आग झाली होती, कारण शेजारच्या मुलीची जखम त्या मलमाने सुकायला लागली होती. "तिच्या पोरीला मिळतं आणि माझ्या पोरीला का नाही?" हेच तिचं रोजचं पालुपद.

रीमला नको होतं. आदल्या दिवशी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली होती. म्हणाली, "आत्या, माझ्या गालाचे फोटो कोण कोण बघणार? आणि मलम साधं निघालं तर? जखम आपली आपण भरते म्हणतात. नेहमीचं इंजेक्शन मी घेईन. ज्याला मी हवी त्याला डागासकट हवी."

"मग तसं सांग उद्या."

"आईसमोर?" ती हसली. "तू सांगशील का आईसमोर?"

डॉक्टरने यामिनाला बाहेर थांबायला सांगितलं.

"मी आई आहे तिची!"

"म्हणूनच," डॉक्टर शांतपणे म्हणाली. "आणि रीम, साक्षीला तुझी आत्या आहे. चालेल तुला? नाहीतर दुसऱ्या कोणाला बोलावते."

"चालेल," रीम म्हणाली.

यामिना बाहेर गेली. पण दाराच्या फटीखाली तिच्या चपला दिसत होत्या. दाराला चिकटून उभी.

रीमलाही त्या दिसत होत्या.

डॉक्टरने सगळं सांगितलं. रीमने सगळं नीट परत सांगितलं. शिकलेली मुलगी ती.

"मग रीम, तुझी इच्छा आहे?"

रीमने चपलांकडे बघितलं. ओठ घट्ट मिटले.

डॉक्टर खाली बघून काहीतरी लिहीत होती.

मी रीमकडे बघत होते. ते माझं कामच होतं.

मेंदीचा वास आला...

पडदा आत ओढला गेला. कोणी श्वास घेतल्यावर कापड चिकटतं, तसा.

आणि रीमच्या अगदी कानाजवळून, रीमच्याच आवाजात...

"हो."

रीमचे ओठ मिटलेले होते.

डॉक्टरने मान वर केली. "छान. लल्ला, ऐकलंत ना?"

बाहेर यामिनाने "अल्हम्दुलिल्लाह!" म्हटलेलं ऐकू आलं.

मी ऐकलं होतं. उपवासाच्या तोंडाने मी 'नाही ऐकलं' म्हणू शकत नव्हते. आणि नुसतं 'ऐकलं' म्हणाले असते, तर ते खरं असूनही खोटं झालं असतं. त्या एका शब्दावर रीमचा गाल त्यांच्या हातात जाणार होता. जसा एकदा एक गाल गेला होता, तसाच.

"ऐकलं," मी म्हणाले. "पण ते रीमने म्हटलं नाही."

"मग कोणी म्हटलं?"

"ते मी सांगू शकत नाही. पण तिचे ओठ हलले नाहीत. मी बघत होते."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिली. मग रीमकडे. रीम पांढरी पडली होती. गळ्याशी हात धरून बसली होती.

डॉक्टरने पेनाला टोपण लावलं. "साक्षीदाराला शंका आहे, तर आज काही होणार नाही. शनिवारी ये, रीम. तुला जे सांगायचं असेल ते सांग. काही सांगायचं नसेल तरी ये. इंजेक्शन तुझं आहेच."

दार धाडकन उघडलं.

"शंका?" यामिना ओरडली. "लल्ला हेदियाला शंका! स्वतःच्या बहिणीचा नवरा घेतला तेव्हा शंका आली नाही वाटतं? तिची ओढणी पांघरलीस, तिचे तोडे घातलेस, तिच्या खाटेवर निजलीस! आता माझ्या पोरीचा चेहरा तरी सोड!"

"आई, पुरे," रीम पुटपुटली.

"का पुरे? स्वतःची कूस उजवली नाही, म्हणून दुसरीच्या लेकीवर डोळा!"

उपवासात भांडायचं नसतं. कोणी भांडायला आलं तर 'मी उपवासाला आहे' एवढंच म्हणायचं असतं. मी तेवढंच म्हणाले. यामिना अजूनच भडकली.

जाता जाता रीम मागे राहिली. माझ्या कानाशी आली. 

"आत्या, मी काही बोलले नाही."

"मला ठाऊक आहे."

"माझ्या मानेवर कोणीतरी श्वास सोडला. थंडगार. आणि माझ्याशी बोलली."

"काय बोलली?"



"म्हणाली... तुला विचारतात गं. किती नशीबवान. मला विचारायला सांग ना."

सगळे गेले. डॉक्टरही गावात कोणाच्या तरी घरी जखम बघायला गेली. मला म्हणाली, किल्ली तुमच्याकडे ठेवा लल्ला, मी येतेच.

असरची, दुपार उतरतानाची, नमाज मी तिथेच अंगणात पढले. मग तस्बीह ओढत बसले. बोटं मण्यांवर होती, मन पडद्यापाशी.

शनिवारी रीम येणार होती. आणि ती आवाज चोरणारी तिथेच असणार होती. रीमने 'नको' म्हणायच्या आत ती 'हो' म्हणणार होती. आज मी बघत होते. शनिवारी माझी पापणी लवली तर?

मला तेव्हा कळलं, की ती इतकी वर्षं गप्प का होती. त्या खोलीत इतक्या वर्षांत कोणी कोणाला काही विचारलंच नव्हतं. सुई घ्या, बाही वर करा, पुढची. आता डॉक्टर वसीला येऊन विचारत होती. एकेकीला, समोर बसवून, डोळ्यांत बघून. आणि पडद्यामागे बसून ती ऐकत होती. जळत होती.

मी उठले. आत गेले. डॉक्टर बसते तिथे बसले, पडद्याकडे तोंड करून.

ऊन भिंतीवर वर सरकलं होतं.

"मबरूका," मी म्हणाले.

काही नाही.

"मबरूका, मी हेदिया. मी तुला विचारायला आले आहे."

बाहेर चिमण्या ओरडत होत्या. एकदम... थांबल्या.

मी डॉक्टर विचारते तसंच विचारलं. मला दुसरी पद्धत येत नव्हती.

"त्यांनी तुझ्या गालाला जे केलं, ते तुला हवं होतं का? नको म्हणायला तू मोकळी आहेस. नको म्हणालीस तर कोणी रागावणार नाही. बाबासुद्धा नाही."

मेंदीचा वास दाटला.

गप्प.

"गप्प बसलीस तर मी हो धरणार नाही," मी म्हणाले. "इथे तसं नसतं आता. मी थांबते. तुला हवं तेव्हा सांग."

मी थांबले.

ऊन भिंतीवरून गेलं. खोलीत राखाडी उजेड राहिला. माझी जीभ कोरडी होऊन टाळूला चिकटली होती. मी थांबले.

आणि मग पडद्यामागे स्टूल करकरलं...

"नको."

फार बारीक आवाज. पण तिचा. रीमचा नाही, दुसऱ्या कोणाचा नाही. तिचा स्वतःचा.

"मला नको होतं, हेदिया. मला नकोच होतं."

मी रडले. ती रडली का ठाऊक नाही. पडदा थरथरत होता, एवढं दिसलं.

"मी ऐकलं," मी म्हणाले. "मी साक्षीदार आहे."

इथे ही गोष्ट संपली असती, तर मी ती लिहिली नसती.

मी जायला उठले. दारापाशी पोचले. आणि मागून...

"हेदिया."

माझे पाय थांबले.

"आता मी विचारू?"

आवाज बदलला होता. त्यातलं रडू गेलं होतं. लहानपणी माझ्या हातातली बाहुली मागायची, तो आवाज होता तो. गोड. आणि आतून धार असलेला.

"तुझं घर माझं होतं ना गं. तोडे माझ्या मापाचे. तो माझ्या नावाने पाणी मागायचा. मी येऊ राहायला?"

नाही.

मला 'नाही' म्हणायचं होतं. अल्लाला ठाऊक आहे, माझ्या मनात तोच शब्द होता. पण जीभ टाळूला चिकटलेली. दिवसभराचा उपवास. घसा कोरडा ठणठणीत. मी तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. आवंढा गिळायला गेले, गिळायला काही नव्हतं.

ती थांबली.

थोडाच वेळ थांबली. मी थांबले होते तितकी नाही.

मशिदीतून अजान सुरू होणारच होती, आणि तिच्या पहिल्या शब्दाआधी, त्या पडद्यामागून...

ललकारी.

एकीची नाही. पुष्कळ बायकांची. जीभ हलवत, उंच, लांब, लग्नघरात घुमते तशी.

पडदा बाहेरच्या बाजूला फुगला. माझ्या अंगावरून गार वारा गेला, दारातून, अंगणातून. कडू संत्र्याची पानं हलली. मग रस्त्याकडचं फाटक वाजलं.

माझ्या घराच्या दिशेने.

शनिवारी रीम आली. आई दाराशी उभी असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला नको." डॉक्टर म्हणाली, "बरं," आणि तिला नेहमीचं इंजेक्शन दिलं, इतरांना देते तसंच, तितक्याच मायेने. वसंतात रीमचं लग्न झालं. गालावर नाण्याएवढा डाग आहे. तिला शोभतो.

यामिना माझ्याशी बोलत नाही. चालायचंच.

दवाखान्यात तो आवाज पुन्हा आला नाही. एकदाही नाही. चाचणी संपली, डॉक्टर राजधानीला परत गेली. जायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "लल्ला, आमच्याकडे एक नियम आहे. दिलेला होकार कधीही परत घेता येतो. कारण सांगावं लागत नाही."

म्हणून मी रोज परत घेते.

उपवास असो नसो, मगरिबच्या आधी एक घोट पाणी जवळ घेऊन बसते. उपवास असला तर अजान होईपर्यंत नुसतं ओठांजवळ धरते. मग आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहून, मोठ्याने, स्पष्ट सांगते. "मबरूका, नाही. मी हो म्हटलं नव्हतं. तू जा."

आतली खोली मोस्बाहची. तो गेल्यापासून मी तिथे निजत नाही.

संध्याकाळी पेटीत तोडे वाजतात. ढिले नाही वाजत. घट्ट बसलेल्या पायात वाजावेत, तसे ठाम वाजतात. उशीवर ओल्या मेंदीचा डाग असतो. मी धुते. दुसऱ्या दिवशी पुन्हा असतो.

त्याची मला भीती वाटेनाशी झाली आहे.

पण मागच्या गुरुवारी मी उपवास सोडायला खजूर तोंडात घातला, आणि आतून तिची कुजबुज ऐकू आली. रोज येते, तशीच. काहीतरी सांगत होती. आणि मग...

कोणीतरी हसलं.

पुरुष. खळखळून. मग खोकला, तो जुना, तंबाखूचा, जो मी इतकी वर्षं उशाशी ऐकला.

माझ्याशी तो कधी असा हसला नाही.

मी ताट तसंच सोडून दाराशी गेले. दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "मी नाही म्हणते आहे. ऐकताय ना?"

आतलं हसणं थांबलं. तोडे थांबले.



दोघंही गप्प बसले आहेत. आणि मी दाराबाहेर उभी आहे, ह्या गप्प बसण्याचा अर्थ काय धरायचा, ते मला कळत नाही.